बहिऱ्या हातांचा रविवार

आमच्या कॉलेजच्या मराठीच्या सरांनी मला या अंकासाठी कामाचा अनुभव लिहायला सांगितला, तेव्हा मी म्हटलं, "सर, अनुभव निवृत्त झालेल्या माणसांना असतात. मी तर बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे." सर म्हणाले, "तू रविवारी काय करतेस?" मी म्हटलं, "मी लोकांना विचारते, तुमचा हात कधीपासून बहिरा झाला." सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हेच वाक्य लिही. पुढचं आपोआप येईल."

पुढचं आपोआप आलं नाही. बरेच कागद फाडले. त्यामुळे काही मागेपुढे झालं असेल तर समजून घ्यावं.

मेहकरला बसस्टँडच्या मागे एक दवाखाना आहे. तिथे दर रविवारी अकोल्याहून एक डॉक्टर येतात. पाटीवर त्यांच्या नावाखाली 'मेंदू व मज्जाविकारतज्ज्ञ' असं लिहिलेलं आहे, पण ती पाटी पूर्ण वाचून आत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळे त्यांना 'नसवाल्या बाई' म्हणतात. मी मॅडम म्हणते. मॅडम मूळच्या पुण्याच्या. माझं काम म्हणजे पेशंट आत जाण्याआधी त्याला बाहेरच्या टेबलाशी बसवायचं, काय होतं ते विचारायचं आणि मॅडमना कळेल अशा मराठीत कागदावर उतरवून द्यायचं. थोडक्यात, मराठीतून मराठीत भाषांतर.

या कामाला माणूस का लागला, त्याची एक गोष्ट आहे. मी येण्याआधी नंबर लावायला दवाखान्यातले शिपाई भाऊ बसायचे. त्याच दवाखान्यात रविवारी कानाचे डॉक्टरही असतात. बीबी गावचे एक आजोबा आले आणि म्हणाले, "माहा उजवा हात बहिरा झाला." गर्दीत भाऊंच्या कानावर फक्त 'बहिरा' एवढंच पडलं. त्यांनी आजोबांना शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी कान तपासले, बराच मळ निघाला, तो काढला. आजोबा बाहेर आले आणि मॅडमच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, कान लय मोकळे झाले. स्टँडवरच्या कंडक्टरची घंटी इथं ऐकू येऊन राह्यली. पण हात अजून बहिराच हाय."

त्यानंतर मॅडमनी 'इथल्या लोकांचं बोलणं कळणारं कोणीतरी द्या' असं सांगितलं आणि सरांनी माझं नाव सुचवलं. माझं गाव जानेफळच्या जवळ, कॉलेजसाठी मी मेहकरला राहते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी दवाखान्यात नक्की काय करते हे आईला नीट सांगता आलं नाही, म्हणून तिने स्वतःच ठरवलं. ती गावात सांगते, "माही पोरगी डॉक्टरीनले शिकवते." मी अजून कोणालाही काही शिकवलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हात बधीर होणं म्हणजे एकच गोष्ट असणार. तसं नाही. कोणाच्या हाताला मुंग्या येतात, म्हणजे नस कुरकुर करते आहे. कोणाचा हात बहिरा होतो, म्हणजे शिवलेलं कळत नाही; बायका म्हणतात, तव्याचा चटका बसला ते वासावरून समजलं. आणि कोणाचा हात 'मरतो', म्हणजे त्यातली ताकद जाते आणि हातातला तांब्या पडतो. पहिल्या रविवारी मी एका काकांच्या कागदावर 'हात मेला आहे' असं जसंच्या तसं लिहिलं. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं आणि घाबरून विचारलं, "मेला म्हणजे? कापावा लागेल असं काही झालंय का?" काकांनी त्यातलं 'कापावा' एवढंच ऐकलं. ते चपला न घालता स्टँडपर्यंत गेले होते. मीच त्यांना परत आणलं.

मॅडमनी मला सगळ्यात आधी करंगळी शिकवली. पेशंट नेहमी म्हणतो, सगळा हात. आपण विचारायचं, करंगळीसुद्धा? अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं बधीर, पण करंगळी ठणठणीत असेल तर बहुधा मनगटात नस दबलेली असते. उलट करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर असेल तर कोपराकडे बघायचं. दोन्ही हातांना आणि पायांनाही होत असेल तर साखर तपासायची, थायरॉईड बघायचं, बी-ट्वेल्व्ह बघायचं. मान दुखून कळ खाली येत असेल तर मान. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून कोणी घरीच निकाल लावू नये. मी फक्त विचारते.

विचारण्यातही अक्कल लागते. एकदा एक वडील मुलाला घेऊन आले. मुलाची नुकतीच सोयरीक झालेली. त्याची डावी करंगळी बधीर. वडील म्हणाले, "कोनं तरी काई करून ठेवलं. लग्न पाहून जळतात लोकं." मी सरळ विचारलं, "फोन कोणत्या हातानं धरता?"

"हा फोनवर बोलतच नाई," वडील म्हणाले. "लय गरीब पोरगा हाय."

मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचा प्रश्न विचारवेना. मी कागदावर बारीक अक्षरात लिहिलं, 'कोपर फार वेळ वाकलेलं राहत असावं. कारण : नवी सोयरीक.' मॅडमनी वाचलं, हसू दाबलं आणि त्याला सांगितलं, "कोपर सरळ ठेवायचं. आणि ते कानात घालायचं मिळतं ना, ते घ्या." वडिलांनी विचारलं, "ते कायले?" मॅडम म्हणाल्या, "नसेसाठी." लग्नाची पत्रिका आम्हाला दोघींना आली.

सगळंच काही हसण्यासारखं नसतं. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, आलेल्या बायका येतात. दिवसभर विळा मुठीत धरून मनगट सुजलेलं असतं. मॅडम सांगतात, हाताला आराम द्या. एक मावशी मला बाहेर येऊन म्हणाली, "आराम द्याचा तं सोयाबीन कोन सोंगन व? तू येतं का?" माझ्या आईचा हातही तसाच आहे आणि ती 'सुगी झाल्यावर येतो' असं म्हणते. तिची सुगी अजून झालेली नाही.

दुसरी शिकवण म्हणजे घाई कधी करायची. मॅडम म्हणाल्या होत्या, "अचानक एका बाजूचा हात गेला, तोंड वाकडं दिसलं, बोलणं अडखळलं, तर लिहीत बसू नकोस. ओरड." म्हणून एका रविवारी मी ओरडले. समोरच्या माणसाचा एक गाल खाली आलेला होता, तो एक हात चोळत होता, आणि नाव विचारल्यावर नुसतं "ऊं ऊं ऊं" करत होता. मॅडम हातातलं सगळं टाकून धावत आल्या, भाऊंनी स्ट्रेचर आणलं. माणसाने सगळ्यांना हाताने थांबवलं, दाराबाहेर गेला, थुंकला आणि सरळ तोंडाने परत येऊन म्हणाला, "आता विचारा. तोंडात तंबाखू होती, इथं कुठं थुंकू?"

मला रडू यायचं बाकी होतं. मॅडम म्हणाल्या, "अगदी बरोबर केलंस. पुढच्या वेळीही ओरड." त्या माणसालाही त्या बोलल्या, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता उत्तममामांची गोष्ट. बाकी पेशंटची नावं मी लिहिलेली नाहीत, पण मामांनी बजावलं आहे, "माह्यं नाव टाकजो. पेपरात मी फक्त एकदा आलो, तेही मागं उभा होतो."

उत्तममामा आमच्या गल्लीतले. नात्याने मामा नाहीत, पण आईला बहीण मानतात. ते शेती करतात आणि गावच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवतात. काय करता असं विचारलं तर फक्त ढोलकीचं सांगतात. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या गावात पार्टीचा कार्यक्रम होतो. आसपासच्या गावांतून लोक येतात. विश्वनाथकाका पेटीवर बसून गातात, मागे कोरस आणि झांजा, आणि काकांच्या उजव्या बाजूला मामा. मला आठवतं तेव्हापासून ती जागा त्यांची आहे.

जयंतीला दोन-अडीच महिने असताना मामा दवाखान्यात आले. मला टेबलाशी बघून त्यांना बरंही वाटलं आणि लाजही वाटली.

"काय होतं मामा?"

"डावा हात. बहिरा होऊन राह्यला. मागच्या कार्यक्रमात बाया मागं पडला."

ढोलकीची डावी बाजू, जिच्यातून जाड आवाज येतो, तिला ते बाया म्हणतात. ती मागे पडली म्हणजे गाण्याचा पायच अडखळला.

"कोणती बोटं?"

"सगळा हात."

"करंगळीसुद्धा?"

मामांनी एकेक बोट गालाला लावून पाहिलं. "नाई. करंगळी शाबूत हाय. पण पोरी, करंगळीनं ढोलकी नाई वाजत."

"रात्री त्रास होतो?"

"झोपेतून उठतो अन् हात झटकत बसतो. तुही मामी म्हणते, कोनाले हाकलून राह्यले?"

मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. साखर? नाही. दारू? "तुह्या आईले विचार." तंबाखू खाता का? "नाई. मामीनं शपथ घातली तवापासून सोडली." मी लिहिलं : व्यसन नाही. धंदा : शेती व ढोलकी.

मॅडमनी नसेची तपासणी केली. त्यात हाताला बारीक बारीक विजेचे झटके देऊन, संदेश किती वेगाने जातो ते यंत्रावर पाहतात. गावाकडे याला 'करंट देणं' म्हणतात आणि लोक फार भितात. मामा डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मॅडम, हे तं केरव्याच्या ठेक्यात देऊन राह्यल्या. जराशी लय वाढवा ना."

तपासून झाल्यावर मॅडमनी समजावून सांगितलं. मनगटात एक बोगदा असतो. खाली हाडं, वर जाड पट्टी, आणि मधून बोटांचे स्नायुबंध आणि ही नस जाते. तिथे सूज आली की जागा कमी पडते आणि नस दबते.

"म्हणजे मेहकर गाडीच्या दारात उभा राह्यलेला माणूस," मामा म्हणाले.

"हो, तसंच," मॅडम म्हणाल्या. मला वाटतं, त्यांनी त्या गाडीने प्रवास केलेला असावा. "आता मनगटाला आराम. ढोलकी सध्या बंद. हा पट्टा झोपताना बांधायचा. कमी झालं नाही तर इंजेक्शन, नाहीतर छोटं ऑपरेशन."

मामांनी पट्टा काखेत मारला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "विश्वनाथ मेहकरच्या एका पोराशी बोलून राह्यला. ऑक्टोपॅडवाला. ताटावानी मशीन हाय ते, काड्यांनी ठोकलं का त्यातून ढोलकी निंगते, ढोल निंगते, सारं निंगते. तो एकडाव स्टेजवर बसला ना पोरी, मंग ढोलकी उतरली ते उतरलीच. कोनी म्हननार नाई का उत्तम, वर ये."

पुढच्या शनिवारी मी घरी गेले तर मामा गल्लीतून भर दुपारी पट्टा बांधून चालले होते. मी म्हटलं, "मामा, तो रात्री बांधायचा आहे." ते म्हणाले, "रात्री कोन पाह्यते? दिवसा बांधला तं लोकाले कळते का उत्तमचा हात बिमार हाय. नाई तं म्हनतात, वाजवनं विसरला." बरंच समजावल्यावर ते रात्री बांधायला तयार झाले. दिवसा त्यांनी तो खुंटीला, बाहेरून दिसेल असा टांगला.

काही आठवड्यांनी ते परत आले. हात आणखी बिघडला होता. मॅडमनी विचारलं, "ढोलकी बंद आहे ना?"

"हात नाई लावला. मामीले विचारा. तिले तं करमून नाई राह्यलं शांततेनं."

"पट्टा?"

"बांधतो."

मॅडम कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. मला माझंच अक्षर परकं वाटायला लागलं. शेवटी त्या म्हणाल्या, "असंच वाढत गेलं तर ऑपरेशन करू. त्यानंतर काही आठवडे हात जपावा लागेल." मामांनी मनातल्या मनात हिशोब केला. जयंती त्या आठवड्यांच्या आत येत होती.

ते घरी पोचायच्या आत फोनवरून बातमी गावात गेली आणि विश्वनाथकाकांनी ऑक्टोपॅडवाल्याला होकारही कळवला होता.

मी त्यानंतर गावी गेले तेव्हा संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर पार्टीचा सराव चालला होता. मेहकरचा तो मुलगा ऑक्टोपॅड घेऊन मामांच्या जागेवर बसलेला. मुलगा चांगला होता, आल्या आल्या मामांच्या पाया पडला, त्यामुळे मामांना त्याचा रागही धड करता येईना. ते कडेला भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

गाणं संपलं आणि विश्वनाथकाकांनी पेटीवरून आवाज दिला, "उत्तम, लाव बे."

मामांनी खिशातून पुडी काढली. डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, नखाने चुना घेतला आणि उजव्या अंगठ्याने मळायला लागले. मनगट मागे वाकवलेलं, आणि अंगठ्याचा सगळा जोर तळहाताच्या मुळाशी, बरोबर मनगटाच्या वर. चांगली मळून झाल्यावर दोन थापा मारून भुकटी उडवली आणि हात पुढे केला. काकांनी चिमूट उचलली. मग झांजवाल्याने हात पुढे केला. त्याच्यासाठी पुन्हा नवीन. मग कोरसवाले, एकामागून एक. मधेच मामांनी डावा हात झटकला, जोरात, आणि परत मळायला घेतलं.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही तर तंबाखू खात नाही म्हणाला होतात."

"नाईच खात."

"मग हे काय?"

"हे कुठं खाऊन राह्यलो? मळून राह्यलो. तू 'खाता का' म्हून विचारलं. 'मळता का' म्हून कवा विचारलं?"

"रोज मळता?"

"पह्यले ढोलकीतून सवड भेटली तवाच मळत होतो. आता बसलोच रिकामा, तं सगळ्याहीचं माह्याकडंच." मग थोडं अभिमानाने म्हणाले, "ढोलकीनं बोटं तयार असतात ना. असं कोनालेच नाई जमत. विश्वनाथले चुना कमी लागते, नाई तं आवाज फाटते. झांजवाल्याले कडक. सोडली तवा म्या तोंडानं सोडली पोरी, हातानं कुठं सोडली?"

पुढच्या रविवारी मामांना सोबत नेऊन मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला करून दाखवा." दवाखान्यात तंबाखू कुठून आणायची, असा प्रश्न पडला, तर आमच्या भाऊंच्या खिशात निघाली. मॅडमनी आधी भाऊंकडे पाहिलं, मग मामांच्या हाताकडे. मामांनी मन लावून मळली. मॅडम खुर्ची पुढे ओढून बघत होत्या आणि मधेच बोट ठेवून म्हणाल्या, "इथेच. अगदी इथेच नस आहे." मग त्यांना हसू आवरेना. मामाही हसले. हात पुढे करून म्हणाले, "घेता का चिमूटभर?"

हसणं संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "याच एका कारणाने झालं असं मी खात्रीने सांगू शकत नाही. ढोलकीचाही वाटा असेल. पण हे आजपासून पूर्ण बंद करा. सध्या ऑपरेशन थांबवू आणि बघू." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे यांना सांगून उपयोग नाही. नाही म्हणणारा हा माणूस नाही. ज्यांना मळून देतात त्यांना सांगायला हवं. तू सांगशील?"

मला चार माणसांत उभं राहून बोलायची सवय नाही. कॉलेजात तोंडी परीक्षेला माझा आवाज बसतो. तरी त्या संध्याकाळी मी समाजमंदिराच्या ओट्यावर उभी राहिले आणि बोगद्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. मनगट, नस, अंगठ्याचा दाब. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, पटलं.

विश्वनाथकाका म्हणाले, "म्हणजे ढोलकी वाजवली तं चालंन, पण तंबाखू मळली तं नाई चालनार?"

"हात सुधारला तर थोडी ढोलकी चालेल. मळणं अजिबात नाही."

काकांनी पेटीचा भाता बंद केला. मग झांजवाल्याने विचारलं, "हात बदलून मळली तं? उजव्यावर?"

"तोही बहिरा होईल."

"एकदाच मळायची, सकायी. सगळ्याहीची. डब्यात भरून ठेवाची."

"नाही."

कोरसमधला एक जण खाली बघत, हळूच म्हणाला, "तसं पाह्यलं तं... ऑक्टोपॅडबी काई वाईट नाई."

कोणीही त्याला गप्प बस म्हटलं नाही. खरोखर विचार चालला होता. मी लहानपणापासून या माणसांना ओळखते, आणि त्या वेळी ओट्यावर ढोलकी एका पारड्यात आणि तंबाखूची चिमूट दुसऱ्या पारड्यात अशी ठेवलेली मला स्पष्ट दिसत होती, आणि पारडी हलत नव्हती.

मामा उठून उभे राहिले. "म्हणजे इतके वर्सं तुम्ही मले तंबाखूसाठी बसवलं होतं का बे?"

"बस खाली," विश्वनाथकाका म्हणाले. त्यांचा स्वतःचा हात त्या वेळी सवयीने पुढे आलेला होता, चिमटीसाठी. त्यांनी तो बघितला आणि मागे घेतला. "ढोलकी," ते म्हणाले. एखादी जमीन विकल्यासारखं म्हणाले. मग स्वतःची पुडी काढून स्वतः मळायला लागले. चुना जास्त झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड आतून सोललेलं होतं आणि चढा सूर लागत नव्हता.

पुढचे आठवडे पार्टीला फार कठीण गेले. गाणं ध्रुवपदावर यायचं तेव्हा अर्धा कोरस खाली मान घालून मळत असायचा. काका ओरडायचे. झांजवाल्याने वैतागून तंबाखूच सोडली. मॅडमनी ते ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "हा माझा आजवरचा सगळ्यात यशस्वी पेशंट, आणि तो माझ्याकडे आलाच नाही." मी मात्र माझ्या कागदावर एक प्रश्न वाढवला आहे. तंबाखू खाता का, याच्या खाली : मळता का, आणि कोणाकोणासाठी?

जयंतीच्या आदल्या रविवारी मॅडमनी मामांचा हात पुन्हा पाहिला. शिवलेलं कळायला लागलं होतं, रात्रीचं झटकणं कमी झालं होतं. पूर्ण बरा नव्हता. मामा यंत्राकडे न बघता फक्त मॅडमच्या तोंडाकडे बघत होते. "अर्धा कार्यक्रम," मॅडम म्हणाल्या. "अर्ध्यानंतर डावा हात ढोलकीवरून खाली. मग तो मशीनवाला वाजवेल."

"अन् एकडाव तो बसल्यावर?"

मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही ऐकायचं."

जयंतीच्या संध्याकाळी मी बायकांमध्ये, पुढच्या सतरंजीवर बसले होते. बोलायची सवय नसली तरी डोळे वटारता येतात. मामांनी सुरुवात केली. मला गाण्यातलं कळत नाही, पण पहिल्याच थापेला मागच्या माणसांनी माना वर केल्या एवढं मला दिसलं. पोरं नाचायला लागली. मी मात्र त्या डाव्या हाताकडेच बघत होते.

अर्धा कार्यक्रम झाला. विश्वनाथकाकांनी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'बस' अशी मान हलवली. मला माझाच राग आला, पण मी हलवली. मामांनी डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. मेहकरच्या मुलाने काड्या घेतल्या. मामा ढोलकी उचलून उठायला लागले.

त्या मुलाने त्यांची बाही धरली. "मामा, उठता काऊन? डावा मी काढतो मशीनमधून. उजवा तुमचा राहू द्या. हे चाट, उजव्या कडेचा हा टणकार, मशीनमधी नाई निंगत तुमच्यावानी."

मामा अर्धे उठलेले तसेच राहिले. मग बसले. उरलेला सगळा कार्यक्रम ढोलकीची उजवी बाजू मामांनी वाजवली आणि डावी त्या मशीनने. काकांनी गाता गाता दोनदा वळून बघितलं, आवाज कुठून येतोय ते त्यांना समजेना. नाचणाऱ्यांना त्याच्याशी काही घेणं नव्हतं.

कार्यक्रम संपला, लोक पांगले. मी स्टेजजवळ गेले. मामा घामाने निथळत होते आणि ढोलकीच्या दोऱ्या ढिल्या करत होते. मी दवाखान्यातल्यासारखं विचारलं, "मामा, खरं सांगा. मुंग्या आल्या का?"

"आल्या ना. दुसऱ्याच गाण्याले आल्या."

"मग तेव्हाच का नाही थांबलात?"

मामांनी हात वर करून बोटं हलवून पाहिली.

"अख्खं गाव नाचून राह्यलं होतं पोरी. जयंतीच्या दिवशी मुंग्याहीलेच कसं म्हनू, तुम्ही नका नाचू?"